चार ठिपक्यांची चोरी

"हलक्या गाडीला मऊ टायर घालायचा, गिरजे. कडक टायर तापेस्तवर शर्यत संपलेली असते. पोराला सांग हं."

सखाने हे सांगितलं तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता आणि गिरजाबाई त्याला चमच्याने पेज भरवत होत्या. एस. टी. च्या वर्कशॉपात जन्म काढलेला त्यांचा धाकटा भाऊ. मरतानाही त्याच्या तोंडी देवाच्या आधी टायर आला. त्यांनी मान डोलावली आणि पुढे भाच्याला, नितेशला, हा निरोप तीनदा पोचवला. आज दोन वर्षांनी, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतल्या या रविवारी, सखाचा आवाज पुन्हा त्यांच्या कानात घुमत होता. आणि नेमकं आज सकाळी त्यांना बोलता येत नव्हतं.

बोलता येत नव्हतं म्हणजे बोलायचं नव्हतं. आंघोळ झाल्यापासून दुपारी बाराचा नैवेद्य होईपर्यंत मौन, हे गिरजाबाईंचं नऊ वर्षांचं व्रत. लिहूनही दाखवायचं नाही; पाटीवर बोलायचं तर मौन कशाला, असं त्यांचं मत. पेणमध्ये लोक या व्रताचं कौतुक करीत. ज्यांनी हैबतरावांना सकाळी बोलताना ऐकलं होतं, ते जरा जास्तच करीत.

हैबतराव म्हणजे गिरजाबाईंचे यजमान. या घटकेला ते रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, नितेशच्या घरच्या अंगणात मधोमध उभे राहून स्वतःची ओळख करून देत होते. समोर बायको, बायकोची भावजय आणि भाचा एवढेच होते. पण ओळख करून दिल्याखेरीज त्यांना तपास सुरू करता येत नसे.

"ज्याच्या नजरेतून मुंगीचा सहावा पाय सुटत नाही," ते म्हणाले, "ज्याच्या नुसत्या खोकल्याने पेणपासून नागोठण्यापर्यंतचे चोर अंथरुणात उठून बसतात, पोलीस ज्याच्याकडे येत नाहीत ते केवळ संकोचामुळे, तो हैबतराव आज तुमच्यासमोर उभा आहे."

"दिसतंय," शांती म्हणाली. शांती ही सखाची बायको, नितेशची आई. "जरा त्या बाजूला उभे राव्हा, भावजी. केर काढायचाय."

हैबतराव बाजूला झाले. पेणच्या जकात नाक्यावर वीस वर्षं दुसऱ्यांची गाठोडी सोडून पाहिल्यावर, आपल्याला माणसाच्या मनाचंही गाठोडं सोडता येतं असा त्यांना साक्षात्कार झाला होता. नोकरी सुटली, साक्षात्कार राहिला. दारावर 'खाजगी गुप्तहेर' अशी पाटी लागली. ती रस्त्याच्या पलीकडूनही वाचता यावी म्हणून गणपती कारखान्याच्या कमळाकरकडून लाल रंगात रंगवून घेतलेली. आजवर सात प्रकरणं आली. चार वस्तू आपोआप सापडल्या, दोन हरवल्याच नव्हत्या आणि सातवी, शेजाऱ्यांची सायकल, अजून सापडायची होती. सायकल मिळावी म्हणून हैबतरावांनी एकवीस मंगळवारांचा नवस बोलला होता. मंगळवार गिरजाबाईंनी केले. त्यांच्या उपासांपैकी निम्मे देवाचे होते आणि निम्मे हैबतरावांचे.

आजचं आठवं प्रकरण ओट्यावर ओळीने मांडलेलं होतं: शर्यतीचे चार टायर. दोन पुढच्या चाकाचे, दोन मागच्या.

नितेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर होता. बापाने मागे ठेवलेली शंभर सीसीची मोटरसायकल त्याने दोन वर्षं खपून शर्यतीची केली होती. दिवा काढला, मडगार्ड काढले, स्टॅंड काढला. एकटा माणूस काखोटीला मारील इतकी हलकी झाली. गावाबाहेर एका न झालेल्या कंपनीचे रस्ते तेवढे झाले होते; तीनदा उद्घाटन झाल्यामुळे गुळगुळीत होते. तिथे आज अकरा वाजता शर्यत होती. पुण्याच्या एका क्लबाचे साहेब बघायला येणार होते. पहिल्या दोघांना ते मद्रासच्या खऱ्या ट्रॅकवर शिकायला नेणार होते. नितेशचं वय चोवीस. पुढच्या वर्षी साहेब येतील याची खात्री नव्हती आणि पुढच्या वर्षी कंपनीतून रविवार मिळेल याची त्याहून नव्हती.

टायर त्याच क्लबाने वापरायला पाठवले होते, एक मऊ जोडी आणि एक कडक. पार्सल पेणच्या स्टॅंडवर उतरलं, आत्याच्या घरात जागा नव्हती म्हणून आठ दिवस कमळाकरच्या कारखान्यात मूर्तींच्या शेजारी राहिलं आणि काल, शनिवारी, गिरजाबाईंनी ते घरी नेऊन, पूजा करून, संध्याकाळच्या गाडीने रोह्याला आणलं. सोबतचं पत्र आज सकाळी नितेशने उघडलं. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: लाल ठिपका तो मऊ, पिवळा ठिपका तो कडक.

चारही टायरांवर लालही होतं आणि पिवळंही. ते हळदकुंकू होतं हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. हैबतरावांच्याही पाच मिनिटांत आलं. नितेशने ओल्या फडक्याने ते हलकेच पुसलं. खाली काळं रबर. ठिपका नाही.

"ठिपके चोरीला गेले आहेत," हैबतराव म्हणाले.

"आणि टायर ठेवले?" शांतीने विचारलं.

"तिथेच त्याची हुशारी. साधा चोर टायर नेतो. हा ठिपके नेतो."

शांतीने टायरांकडे पाहिलं. "टायरसुद्धा घासलेलेच धाडलेत की. नक्षी कुठाय यांच्यावर?"

"शर्यतीचे असेच असतात, आई," नितेश म्हणाला. "काका, नऊ वाजलेत. टायर चढवायला तासभर लागतो मला. कडक बसला तर त्या गटाराच्या वळणावर गाडी उभी रहायची नाय."

ठिपके कुठे गेले हे गिरजाबाईंना ठाऊक होतं.

पेणमध्ये रंगाचा थेंब कशावरही पडतो. पायरीवर, मांजरावर, शाळेच्या दप्तरावर. निम्म्या गावात गणपती रंगतात, आणि पेणच्या बाईला रंगाचा डाग दिसला की तिचा हात आपोआप रॉकेलच्या चिंधीकडे जातो. काल पूजेआधी गिरजाबाईंनी टायर पाहिले. आठ दिवस कारखान्यात पडलेली वस्तू, प्रत्येकावर रंगाचा एकेक थेंब. कमळाकरचा निष्काळजीपणा, दुसरं काय. डागाळलेली वस्तू देवापुढे ठेवायची नाही म्हणून त्यांनी चारही थेंब रॉकेलने घासून काढले, टायर धुतले, पुसले आणि मगच हळदकुंकू वाहिलं.

आता तोंड उघडावं तर नऊ वर्षं मोडत होती. आणि मोडूनही काय सांगणार? पुसले कुणी ते सांगता आलं असतं. कुठल्यावर कुठला होता ते त्यांनाही आठवत नव्हतं.

तरी निदान खरं तरी कळू दे म्हणून त्या पुढे झाल्या. त्यांनी तळहातावर अंगठा घासून दाखवला.

"तंबाखू," हैबतराव ताबडतोब म्हणाले. "गुन्हेगार तंबाखू मळतो. छान, पुढे?"

गिरजाबाईंनी दारातून दिसणाऱ्या स्टोव्हकडे बोट केलं.

"पुरावा जाळला."

त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

हैबतराव गहिवरले. "बघा. म्हणते, माझा तुमच्यावर विश्वास आहे."

गिरजाबाई ओट्यावर बसल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्या बोलल्या असत्या तरी हैबतरावांनी असंच काहीतरी ऐकलं असतं.

मग तपासाने वेग घेतला. पहिला संशय प्रवीणवर. हा रोह्यातला दुसरा स्पर्धक. काल स्टेशनवर तो लाल तोंडाने हसला होता.

"पान खातो तो," नितेश म्हणाला.

"ठिपका लपवायला पानाहून चांगली जागा कोणती?"

दुसरा संशय कमळाकरवर. लाल आणि पिवळा हे गणपतीच्या धंद्यातले रंग; टायरांवरचे ठिपके नखाने उचलून त्याने उंदरांना डोळे केले असणार. चार ठिपके, दोन उंदीर, हिशेब बरोबर जुळतो.

"पिवळ्या डोळ्याचा उंदीर?" शांती म्हणाली.

"आजारी उंदीर," हैबतराव म्हणाले आणि वहीत नोंद केली.

सव्वानऊला ते शास्त्राकडे वळले. मऊ वस्तू हलकी असते, उदाहरणार्थ कापूस. त्यांनी शेजारच्या भाताच्या काट्यावर टायर चढवून पाहिले आणि निकाल जाहीर केला: पुढचे दोन्ही मऊ, मागचे दोन्ही कडक.

"काका, पुढचे टायर बारीकच असतात. म्हणून हलके."

"तू रागावलायस, म्हणून तुला पटत नाहीय."

"मी रागावलो नाय," नितेश म्हणाला. "बाबा असते तर..." एवढं बोलून तो गाडीपाशी जाऊन खाली बसला आणि कारण नसताना चेन पुसू लागला.

हे पाहून हैबतरावांनाही वाईट वाटलं असावं. त्यांना वाईट वाटलं की ते शपथ घेत. "ऐका सगळे. धावीर महाराजांना स्मरून सांगतो. हे कोडं माझ्याआधी दुसऱ्या कुणी सोडवलं, तर महिनाभर रोज..." एवढ्यात त्यांची नजर सवयीने गिरजाबाईंकडे गेली.

"तिच्याकडं नका बघू, भावजी," शांती म्हणाली. "स्वतःचं बोला. रोज दुधी खाईन म्हणा. नि आणीन पण मीच."

दुधी हा हैबतरावांचा जन्माचा वैरी. पण पराभवाची शक्यता नसल्यामुळे ते उदारपणे म्हणाले, "खाईन. आणि आणीन पण मीच."

"आणाल तेव्हा बघून आणा तेवढा." शांती आत गेली आणि काल बाजारातून हैबतरावांनी आणलेला दुधी घेऊन बाहेर आली. नैवेद्यासाठी सांगितला होता. त्यांनी तो भिंग लावून, चारी बाजूंनी तपासून, सर्वात तुळतुळीत पाहून घेतला होता. शांतीने त्यावर अंगठ्याचं नख दाबलं. नख घसरलं. "बघा. जून, खुटखुटीत. याची भाजी करू की यानं दार बडवू?" मग शेजारणीने परसातला दिला होता तो दुसरा उचलून तिने नख लावलं, ते लोण्यासारखं आत गेलं आणि हिरव्या सालीवर चंद्रकोर उमटली. "कोवळा असा असतो. यात भिंग कशाला लागतंय?"

गिरजाबाई त्या चंद्रकोरीकडे पाहत राहिल्या.

मग त्या उठल्या. पदर खोचला आणि पहिल्या टायरच्या कडेला अंगठ्याचं नख रोवलं. दाबलं, सोडलं. रबरावर काहीच नाही. दुसऱ्याला लावलं. बारीकशी चंद्रकोर उमटली आणि हळूहळू बुजत गेली. तिसरा पुन्हा जून. चौथा कोवळा.

त्यांनी घरातून करंडा आणला. ज्या दोघांत नख रुतलं होतं, एक पुढचा नि एक मागचा, त्यांवर कुंकवाचं एकेक बोट टेकवलं. उरलेल्या दोघांवर हळदीचं. ठिपके पुसले होते त्यांनीच. जागच्या जागी ठेवलेही त्यांनीच.

नितेश चेन सोडून धावत आला. त्याने स्वतःचं नख लावून पाहिलं, चारीवर, दोनदा. "आत्ये," तो म्हणाला, आणि पान्हे शोधायला गेला.

"माझाही रोख तिकडेच होता," हैबतराव म्हणाले. नऊ पस्तीस झाले होते.

अकरा वाजता गिरजाबाई गटाराच्या वळणावर उभ्या होत्या, ओठ मिटून, हातात जपमाळ. शर्यतीआधी पुण्याचे साहेब प्रत्येक गाडीशी वाकले होते. नितेशच्या मागच्या टायरवर त्यांनी सहज नख दाबून पाहिलं, कुंकवाच्या बोटाकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेले. प्रवीणच्या गाडीवर कडक टायर होते. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की कडक टायर टिकतो. तिसऱ्या फेरीला तो याच वळणावर घसरला आणि कोरड्या गटारात जाऊन बसला. लागलं काही नाही, टायर मात्र खरोखरच टिकले. नितेश त्याच वळणावर गुडघा जमिनीला टेकेल इतका वाकला, आणि गाडी रस्त्याला चिकटून राहिली. पहिला आला पनवेलचा एक मुलगा, त्याच्या मागे हातभर अंतरावर नितेश. साहेबांनी वहीत दोघांची नावं लिहून घेतली आणि म्हणाले, "एप्रिलमध्ये मद्रास. सुट्टी काढून ठेव."

घरी परत येऊन नैवेद्य दाखवायला सव्वाबारा झाले. गिरजाबाईंनी हात जोडले, तीर्थ घेतलं आणि त्या दिवसाचे पहिले शब्द बोलल्या.

"ठिपके मी पुसले. रॉकेलनं. मला वाटलं, कमळाकरचा रंग सांडला."

नितेश हसत सुटला. शांतीने कपाळावर हात मारला. "काय गो वन्सं, आणि आम्ही त्या उंदरांना नावं ठेवली."

हैबतरावांनी वही मिटली. "घरातल्याच माणसाचं काम आहे हे मी पहिल्यापासून धरून चाललो होतो. म्हणजे प्रकरण सुटलं, असं..."

"भावजी, दुधी," शांती म्हणाली.

"शपथ अशी होती की माझ्याआधी दुसऱ्या कुणी. पत्नी ही दुसरी कशी? ती अर्धांगिनी. शिवाय हिचे उपास चालूच असतात, त्यातच एक महिना..."

"सायकलीचे एकवीस मंगळवार मी केले," गिरजाबाई म्हणाल्या. नेहमीच्याच हळू आवाजात, पान वाढता वाढता. "घंगाळाचे सात शनिवार केले. ते घंगाळ आपल्याच माळ्यावर होतं. हे व्रत तुमचं तुम्हीच करा."

हैबतरावांनी एकदा भाच्याकडे पाहिलं; तो मान खाली घालून वरण कालवत होता. बचाव पक्षाला साक्षीदार उरला नव्हता.

जेवण झालं. बायका भांडी आवरत होत्या. हात पुसत गिरजाबाईंनी दारातून ओसरीवर डोकावलं. हैबतराव खुंटीवरची कापडी पिशवी काढत होते. खिशातलं भिंग त्यांनी बाहेर घेतलं, जरा वेळ हातात धरलं आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. मग उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरून नख नीट पाहिलं.

कुणालाही आपली ओळख करून न देता ते पायऱ्या उतरले आणि पिशवीची घडी काखेत मारून, पुलापलीकडच्या रोह्याच्या भाजीबाजाराकडे चालू लागले.