पेठेला झोपवणारी पद्माक्का

शाळकरी पोर भेटलं की आमच्या शिवाजी पेठेत लोक मार्क विचारायचे. पद्माक्का पापणी बघायची. भर रस्त्यात हनुवटी धरायची, डोळ्याखालची कातडी अंगठ्यानं ओढायची आणि निकाल द्यायची, "जागलीयास. जा, झोप की!"

ती आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची. जैन असल्यानं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकायचं. मग गल्लीतल्या पोरांच्या झोपेची राखण करायला ती मोकळी. "हाडं रातीला वाढत्यात," म्हणायची. "तुमी जागं ऱ्हायला की लाजत्यात."

मी तेव्हाच्या अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होते. वडील कोर्टात कारकून. मॅट्रिकच्या पोरीचा दिवा रात्रभर जळणं हीच त्यांना घराची अब्रू वाटे. मी गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून भूमितीची प्रमेयं घोकायची. सकाळी पाय सुजलेले आणि प्रमेय गायब. एका संध्याकाळी अक्का आली, स्टुलावर चढली, माझ्या खोलीतला बल्ब काढून पदरात बांधला आणि म्हणाली, "सकाळी न्ह्या."

वडील तावातावानं तिच्या दारात गेले. "अक्का, पोरगी नापास झाली तर?"

"तर माझं तोंड बघू नगा. पर झोपून नापास झाल्यालं एक पोर दावा मला. पेंगून नापास झाल्याली मी दावतो, गल्ली भरंल!" कोल्हापूरच्या बायकांसारखी तीही 'मी येतो, मी दावतो' असंच बोलायची.

वडील बल्बाशिवायच परतले. मी झोपू लागले, आणि प्रमेयं डोक्यात थांबू लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघानं फुटबॉलची फायनल मारली. रात्री गुलाल, हलग्या, शिट्ट्या अशी मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली. वाट अडवून, कमरेवर हात ठेवून अक्का उभी.

"अक्का, कप आणलाय की!" तालमीचे वस्ताद म्हणाले.

"आणला न्हवं? मग न्ह्या की. पर हलगी वाजायची न्हाई. पोरं झोपल्यात. उद्या पेपर हाय."

वस्तादांनी पैलवानांकडे पाहिलं, पैलवानांनी पायाकडे. मग वस्तादांनी स्वतः हलगी काखेत मारली. गुलालानं माखलेले ते सगळे धिप्पाड गडी चपला हातात घेऊन, कप पोटाशी धरून, मांजरासारखे आमच्या दारावरून गेले. पलीकडच्या चौकात पोचल्यावर मात्र जो दणका उडवला म्हणतात! कोल्हापुरात कप जिंकून अशी मुकाट्यानं चाललेली मिरवणूक दुसऱ्या कुठल्या पेठेनं दाखवावी. मी ती पाहिली नाही, आईनं सांगितली. मी गाढ झोपले होते, याचा मला अजून अभिमान आहे.

निकाल लागला, गल्लीतली सगळी पोरं पास झाली. मला फर्स्ट क्लास. त्याच दुपारी पेढे घेऊन अक्काकडे गेले आणि विचारलं, "अक्का, तुला आमच्या झोपेचं एवढं का गं?"

तिनं पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"तुझ्याएवढी होतो तवा लगीन झालं माझं. पहाटं जातं, मग धारा, रातीला भांडी. एकदा चुलीम्होरं डोळा लागला, तर सासूनं तांब्याभर पाणी वतलं तोंडावर. त्या वयात पोटभर झोपल्यावर कसं वाटतंय, मला ठावं न्हाई बघ." मग तिनं चटई अंथरली. "पड जरा. आज काय अभ्यास न्हाई."

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर तिची गोधडी होती. अक्का उंबऱ्यावर बसून कुणा बाईला दबक्या आवाजात सांगत होती, "हळू बोल. आमची पोरगी पास झालीया. झोपलीया."