जावयाचं विवर

जुळे सोलापुरातल्या सयाजी सरांनी जन्मभर पोरांना नकाशे शिकवले, पण नकाशावर आपलं नाव कुठंच नाही ही रुखरुख त्यांना निवृत्तीनंतर लागली. म्हणून दुपारचं जेवण झालं की ते उपग्रहानं टिपलेली चित्रं मोठी करकरून बघत बसत. एकदा सांगोल्याकडच्या माळावर त्यांना काळपट वर्तुळ दिसलं. अगदी परकारानं काढल्यासारखं.

"वैजयंती, उल्का पडलीय."

"कुठं?" बायकोनं शेंगा फोडता फोडता विचारलं.

"तुझ्या माहेरी."

"मग आबांचा फोन आला असता की."

"आत्ता नाही गं. लाखो वर्षांपूर्वी."

सरांनी लगेच सासऱ्यांना, म्हणजे हरिबांना, फोन लावला.

"पाव्हणं, तितं आपली मेंढरं बसत्यात की," हरिबा म्हणाले. "गोल जाळी लावून कोंडतो. लेंड्या पडून जमीन काळी हुती."

"मामा, मेंढरं आत्ताची. खड्डा जुना आहे, वरून स्वच्छ दिसतोय. रविवारी चार लोक घेऊन येतो बघायला."

हरिबा म्हणाले, "या की. तुमी म्हंता म्हंजे खड्डा असनारच."

सरांना आता दम कुठला निघतोय? फिरायला जाणाऱ्या मंडळींत बातमी फुटली. मंडळींचे म्होरके कुंडलिकराव यांनी सत्कारासाठी शाल घेतली. 'सयाजी विवर' हे नावही एकमतानं ठरलं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या भुवनेश्वरी मॅडम यायला तयार झाल्या, तेव्हा तर सरांना रात्री झोप लागेना.

रविवारी जीप माळावर पोचली आणि सरांचे डोळे भरून आले. समोर भलामोठा गोल खड्डा होता, चांगला दोन पुरुष खोल. मॅडम उतरल्या आणि खड्ड्याच्या भिंतीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. भिंतीवर वरपासून खालपर्यंत सारख्या अंतरावर ओरखडे होते.

"सर, या रेघा कसल्या?"

"उल्का तिरकी आली असणार," सर म्हणाले.

तेवढ्यात हरिबा चहाची किटली घेऊन आले. मॅडमनी त्यांनाच विचारलं, "आजोबा, हा खड्डा कधीपासून आहे?"

"शुक्रवारपासनं," हरिबा अभिमानानं म्हणाले. "पाव्हणं म्हनलं खड्डा हाय, आन् हितं तर सपाट माळ. चार लोकांत जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा व्हय? जेसीबी लावला. आजून खोल पायजे आसंल तर सांगा, डायवर हितंच जेवाय बसलाय."

मॅडमनी चहा घेतला आणि खोली पुरेशी आहे असं सांगितलं. कुंडलिकरावांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा हरिबांकडे, आणि शाल हरिबांच्या खांद्यावर घातली. टाळ्या सरांनाही वाजवाव्या लागल्या.

त्यानंतर सरांनी उपग्रहाचं नावच टाकलं. मंडळींनी हाक मारली तरी ते फिरायला जाईनात. पावसाळा सरल्यावर एके दिवशी वैजयंतीनं आपला मोबाईल त्यांच्यापुढं धरला.

सांगोल्याकडच्या माळावर निळंशार, गोल पाणी चमकत होतं. गावातल्या कुणीतरी नकाशावर तिथं खूण करून नाव घातलं होतं : 'सयाजी सरांचा खड्डा'. खाली पाचांपैकी चार तारे दिलेला एकच अभिप्राय होता, 'मेंढरास्नी पानी लई.'

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. जन्माची रुखरुख गेली, आणि लगेच दुसरी लागली.

"पाचांतला एक तारा कुणी कापला?"

"आबांनी," वैजयंती म्हणाली. "त्यांना आणखी खोल करायचा होता."