शेळीचं वजन

भूक माणसाला लागते, पण दानाची इच्छा जनावर पाहूनच होते. आमच्या पशुदान मंडळाने हे शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध केलं आहे. उपाशी मुलाचा फोटो पाहून शंभरातले नव्वद लोक पान उलटतात (उरलेले दहा आई-बापांची चूक शोधतात). शेळीचा फोटो पाहून तेच लोक "अगं, किती गोड!" म्हणत पाकिटाला हात घालतात. म्हणून आम्ही भुकेल्या कुटुंबांना शेळ्या देतो.

तळमजल्यावरच्या एका खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई, त्यांच्या सासूबाई आणि लहान मुलगी राहतात. त्यांना आम्ही समारंभपूर्वक शेळी दिली. शेळीला घातलेला हार तिने भाषणं संपायच्या आतच खाल्ला. त्या दिवशी त्या घरात तेवढीच एक जेवली.

शेळी आल्यामुळे कुटुंब पशुपालक झालं. पशुपालक गरीब नसतो, म्हणून त्यांचं मोफत धान्य लगोलग बंद झालं. गरिबी इतक्या झटपट हटलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

देणगीदाराला दरमहा शेळीचा फोटो जातो. ती रोडावलेली दिसली तर तो कळवळतो, म्हणून आमचे डॉक्टर येऊन तिचं वजन करतात. वजन घटलं तर शेळी परत. (घरच्यांचं वजन करत नाही. काटा टांगायचा आहे. माणसं लटकवणं बरं दिसत नाही.) 'शेळी जाते जिवानिशी' ही म्हण आम्ही शेळीपुरती तरी खोटी पाडली आहे. बाई डोळे फुटेस्तोवर मशीन चालवून तिच्यासाठी भरडा आणू लागल्या.

पुढे शेळी व्याली. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, आता दूध पोरीला देऊ ना?"

"इतक्यात नको, ताई. करडू पुढच्या कुटुंबाला द्यायचंय. ते धष्टपुष्ट नको का?"

"आणि माझी पोर?"

"ती कुठे कुणाला द्यायचीय?"

सासूबाई म्हणाल्या, "मग आम्हालाच दावणीला बांधा की. निदान वेळेवर खायला तरी पडेल." ही सूचना नियमात बसत नव्हती.

पुढच्या भेटीत शेळीचं वजन घटलेलं निघालं. कारण समोरच होतं. मुलगी शेळीच्या घमेल्यातला भरडा मुठीमुठीने खात होती आणि शेळी सरकून तिला जागा करून देत होती. (शेळीला नियम समजावून सांगितलेले नव्हते.)

देणगीदाराच्या भावना लक्षात घेऊन शेळी आणि करडू एका बंगल्यात हलवली. तिथे हिरवळ आहे आणि कुणी कुणाच्या घमेल्यात हात घालत नाही. निघताना बाई म्हणाल्या, "शेळी न्या, दादा. घमेलं तेवढं उद्या न्या. त्यात अजून थोडं आहे."

घमेलं मंडळाचं होतं. मी ते रिकामं करून घेतलं.

देणगीदार महाशय, हा सगळा वृत्तांत तुम्हालाच कळवतो आहे, कारण वर्षभरात तुम्ही आवर्जून एकदा फोन केलात आणि एकच प्रश्न विचारलात. त्याचं उत्तर द्यायला आनंद वाटतो: हो, ती आता पोटभर खाते. फोटो सोबत जोडला आहे.