आमच्या डिशवॉशरची शांतता

कुणाला सोन्यातलं कळतं, कुणाला गाण्यातलं कळतं. मला शांततेतलं कळतं! उगाच फुशारकी नाही मारत. मी ग्रंथपाल आहे. अख्खी हयात लोकांना गप्प करण्यात गेली. माझ्या एका 'शू!'सरशी वाचनकक्षातले आजोबा पान उलटायचे थांबतात. त्यामुळे घरात आवाज न करणारा डिशवॉशर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी छाती ठोकून म्हणालो, "हे काम माझ्यावर सोपवा!"

"त्याचीच तर धास्ती वाटतेय," बायको म्हणाली.

बायको पुस्तकं वाचते. म्हणजे पगार घेऊन वाचते! तिनं वाचलेली पुस्तकं लोक कानात इअरफोनची बोंडं खुपसून ऐकतात. तिचा स्टुडिओ म्हणजे आमची झोपायची खोली. खिडकीला रजया, दाराला सतरंजी आणि मधोमध माइक. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, आणि तिथे आमचा जुना डिशवॉशर. तो सुरू झाला की गिरणीत खडे दळल्यासारखा आवाज यायचा.

तुम्ही म्हणाल, रेकॉर्डिंग होईपर्यंत बंद ठेवा की! अहो, पण आमची आई? ओट्यावर खरकटं भांडं दिसलं की तिचा जीव खालीवर होतो. चहाचे दोन कप झाले की लाव मशीन!

त्यात बायकोला पहिल्यांदाच मोठी रहस्यकादंबरी मिळाली होती. किती वर्षं वाट बघत होती बिचारी! पहिलं प्रकरण पाठवलं आणि ही बोलकी पुस्तकं काढणाऱ्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "खून झकास झालाय हो, पण मागे गिरणी कसली चालू आहे? पुन्हा असा आवाज आला, तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." त्या दिवशी बायको धड जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. मी तसाच उठलो आणि दुकान गाठलं.

"हे आमचं सगळ्यात शांत मॉडेल, सर," विक्रेता म्हणाला.

"तोंडाने नको सांगू. चालू करून दाखव!"

तो कामाला लागला. मी गुडघ्यांवर बसून मशीनच्या दाराला कान लावला. पण भिंतीवरचे सगळे टीव्ही बोंबलत होते. मी ते बंद करायला लावले. पलीकडे कुणी मिक्सर फिरवून बघत होतं. "शू!" एक गृहस्थ शिंकले. "शू!" सवयच ती, आपोआप तोंडातून जाते. बघता बघता अख्खं दुकान चिडीचूप झालं. तेवढ्यात आत आलेल्या एका बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "कुणी गेलं का हो?"

"वा! वा! काय शांतता आहे!" मी मान डोलावली. "श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नाही!"

"सर, अजून प्लग लावतोय मी," मशीनमागून विक्रेता म्हणाला.

मग त्याने खरोखरच चालू केलं. तरीही आवाज नाही! मी लगेच म्हणालो, "बांधून द्या."

दुसऱ्या दिवशी मशीन बसलं. बायको आत वाचायला गेली, मी मशीन सुरू करून ऐटीत ग्रंथालयात गेलो. डबा विसरला म्हणून तासाभरात परत येऊन बघतो तर काय! आई फरशीवर बसून घासणीने खसाखसा जमीन घासतेय.

"काय झालं गं?"

"तुझ्या मशीनने डाग पाडलाय, लालभडक! मघापासून घासतेय, जाता जात नाही मेला! हात ठेवला की हातावर येतो, हात काढला की पुन्हा फरशीवर!"

"अगं आई, तो डाग नाही, दिवा आहे! मशीन चालू असलं की खाली लाल ठिपका पडतो. आवाज नसतो ना, म्हणून कळायला."

"म्हणजे हे चालू आहे?" आईने मशीनला आपादमस्तक न्याहाळलं. "घुर्र नाही, खळखळ नाही. काम करणाऱ्याची काही चाहूल नको? मला नाही पटत!" आणि मी थांब म्हणेपर्यंत तिने दार उघडलं! भस्सकन वाफ आली आणि तिचा चष्मा पांढराफटक झाला. "अगंबाई! चालूच होतं की!"

पण एवढ्याने विश्वास बसेल तर ती आई कसली! तिचं आपलं एकच, आवाज नाही म्हणजे भांडी घासली जात नाहीत. ती दर थोड्या वेळाने दार उघडे, मशीन थांबे, मग भांडी अर्धवट म्हणून ती हाताने घासायला घेई, आणि पातेल्यांचा असा दणदणाट होई की जुना डिशवॉशर परवडला! बायको दार उघडून नुसती बघे. तिची नजर पाहून मी ओशाळून जाई.

शेवटच्या प्रकरणाचा दिवस उजाडला. आज काहीही करून आईची खात्री पटवायचीच! मी शेजारच्या घड्याळवाल्या काकांना बोलावलं. घड्याळं दुरुस्त करून त्यांचे कान असे तयार झालेत की काटा अडखळला तरी त्यांना कळतं. बायको आत गेली. मी मशीन लावलं. काकांनी कान टेकवला.

"टिकटिक येतेय," काका म्हणाले.

"शू! हळू बोला! पलीकडे खुनी सापडायचाय! अहो, ते तुमच्या हातातलं घड्याळ!"

काकांनी घड्याळ काढून ठेवलं. "आता घुरघुर येतेय."

"शू! तो फ्रिज आहे!" मी फ्रिजचा प्लग काढला.

"आता ठिबकतंय काहीतरी," आई म्हणाली.

"शू! नळ!" मी नळाला फडकं बांधलं. काकांचा गुडघा कटकन वाजला. "शू!" आईच्या हातून चमचा पडला. "शू!" काका म्हणाले, "अरे, पण मी तर काहीच..." "शू!"

शेवटी आम्ही तिघंही मशीनभोवती मांडी घालून बसलो. लाल ठिपका शांतपणे चमकत होता. कुठे म्हणून आवाज नव्हता.

"खरंच रे," आई पुटपुटली, "गुणी आहे हो पोर!" ती मला नाही, मशीनला म्हणाली. मी तिलासुद्धा "शू" केलं.

तेवढ्यात सतरंजी बाजूला झाली आणि बायको नाचतच बाहेर आली. "सापडला खुनी! झालं पुस्तक!" शेवटच्या प्रकरणात तिला जगाचं भान राहिलं नव्हतं, त्यामुळे आमची शोधमोहीम तिच्या गावीही नव्हती. तिचा चेहरा इतका फुलला होता की मला भरून आलं. फ्रिज बंदच राहिला होता, म्हणून आइस्क्रीम कपात ओतून प्यायलो. सगळे खूश!

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला, तेव्हा काकाही चहाला आले होते. बायकोने कौतुक सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"काय वाचलंय हो! अंगावर काटा आला!" बाई म्हणाल्या. मी कॉलर ताठ केली. "पण तुम्ही नवीन डिशवॉशर घेतला ना? तो आधी बदलून घ्या."

"का?"

"त्यातून वाफ निसटतेय. मधल्या प्रकरणांत मागे भांडी बडवल्याचे आवाज आहेत, ते आम्ही काढू. पण शेवटच्या प्रकरणात ही फुसफुस अगदी शब्दांवरच येते! खुनी नाव सांगायला तोंड उघडतो आणि शूऽऽ! पोलीस बेड्या काढतात आणि शूऽऽ! अहो, खुनी कोण ते मला अजून कळलेलं नाही!"

स्वयंपाकघरात शांतता पसरली. अगदी पहिल्या प्रतीची शांतता, मला कळतं त्यातलं! काकांनी आढ्याकडे पाहिलं. आई डिशवॉशरच्या अंगावरून हात फिरवत म्हणाली, "उगीच त्या गरिबाला बोल!"

बायको माझ्यावरची नजर न हलवता फोनमध्ये म्हणाली, "बाई, तेवढं एक प्रकरण पुन्हा वाचून देते. चालेल ना?"

"चालेल की! पुस्तक तुमचंच आहे. आणि ते मशीन?"

"आता बदलून मिळायचं नाही हो, फार जुनं आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी बाहेर काढून ठेवीन."

तर मंडळी, हे सगळं मी जिन्याच्या पायरीवर बसून सांगतोय. आत शेवटचं प्रकरण चाललंय, भांडी मुकाट्याने घासली जातायत. वरून कुणीतरी चपला फटफट वाजवत उतरतंय, आणि मी दोन्ही हातांनी माझं तोंड गच्च दाबून धरलंय!