एसटीच्या थांब्यासाठी दहाव्याला

लासुर्ण्याजवळच्या वस्तीवर एसटीला थांबा नव्हता, म्हणून केसरबाई आणि त्यांचा पुतण्या बुद्धघोष सकाळीच सभापती झुंबरअण्णांच्या दारात जाऊन उभे राहिले. वस्तीवरच्या पोरींना कॉलेजची एसटी धरायला उसाच्या कडेनं पार पुढच्या फाट्यापर्यंत अंधारात चालावं लागे. केसरबाईंची नात स्वप्नाली तर "आता मी जातच न्हाय" म्हणून दोन दिवस घरी बसली होती. बुद्धघोष हायस्कूलमध्ये शिक्षक. काय बोलायचं ते त्यानं पाठ करून आणलं होतं.

अण्णा फोन कानाला लावूनच बाहेर आले. "केसरबाई, गाडीत बसा. जाता जाता बोलू."

दोघं मागं बसले. अण्णांचा एक फोन संपला की दुसरा सुरू होई. मध्येच बुद्धघोषनं "अण्णा, विषय असा आहे की" इथवर मजल मारली, पण अण्णांनी हातानंच त्याला थांबवलं. गाडी थांबली तेव्हा समोर पळसदेवचं धरणाचं पाणी होतं आणि काठावर कुणाच्या तरी दहाव्याला जमलेली माणसं.

अण्णांना बघून लोकांनी वाट केली. पाठोपाठ हे दोघंही पुढं ढकलले गेले. अण्णांनी माईक घेतला आणि नेमका फोन वाजला. "आता लासुर्ण्याच्या केसरबाई दोन शब्द बोलतील," म्हणत त्यांनी माईक केसरबाईंच्या हातात दिला आणि ते बाजूला गेले.

"काकी, नको," बुद्धघोष पुटपुटला.

पण एवढ्या लोकांसमोर माईक परत देणं केसरबाईंना बरं दिसेना. गेलंय कोण, बाई की गडी, हेच ठाऊक नव्हतं. फोटोपुढं इतकी गर्दी होती की नुसता हार दिसत होता.

"लई मायाळू माणूस गेलं," त्यांनी सुरुवात केली. "सगळ्यांसाठी झिजलं, सोतासाठी कधी काय मागितलं न्हाय. दारात आलेलं उपाशी जाऊ नये, एवढाच ध्यास. आता घर हाय तितंच हाय, पर आल्यावर 'जेवलं का' म्हणून कोण इचारणार?"

बोलता बोलता त्यांना आपली सासू आठवली आणि आवाज खरोखरच भरून आला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या.

विधी आटोपल्यावर मुंडण केलेला एक माणूस जवळ आला. "मी संभाजी. एसटीत आगारप्रमुख हाय. आमच्या आईची आन् तुमची लई जुनी वळख दिसती."

बुद्धघोषनं काकीच्या पायावर हळूच पाय दिला. केसरबाईंनी तो बाजूला सारला.

"खरं सांगू का, वळख न्हाय. मला माझी सासू आठवली."

संभाजीरावांनी आईच्या फोटोकडं बघितलं. "मग दोघी सारख्याच आसत्याल," ते म्हणाले. "पर आज हिकडं कशा आलात?"

केसरबाईंनी पोरींच्या एसटीचं सांगितलं.

"सोमवारपासनं थांबंल गाडी."

परतताना इंदापूर जवळ आलं तेव्हा अण्णांनी फोन खिशात ठेवला आणि मागं वळून विचारलं, "हां, बोला. काय काम होतं?"

"झालं की काम," केसरबाई म्हणाल्या.

"बघा. माझ्याकडं आलेलं माणूस रिकाम्या हातानं जात न्हाय." अण्णा समाधानानं हसले. मग जरा संकोचून म्हणाले, "केसरबाई, माझं एक काम कराल का? परवा सांगवीत दहावा हाय. लोकं तुमच्याच बोलण्याचं नाव काढत होती. याल का?"

"येते," केसरबाई म्हणाल्या. "पर गेलंय कोण, तेवढं आधी सांगा."