शिरीषातली बाळंतीण

"वेणू, चैत्रांगण एक दिवससुद्धा चुकवायचं नाही. आणि काढलेल्यावर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही." आनंदीबाईंनी जाताना सुनेला एवढंच बजावलं होतं. तेव्हा बिऱ्हाड नारायण पेठेत होतं आणि दारापुढे फरशीचं का होईना, अंगण होतं. आता वेणूबाई मुलाबरोबर बाणेरला तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दारापुढे जिना. दूधवाला, पेपरवाला आणि मुलाच्या कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर, असे तिघे सकाळी सातच्या आत देवीच्या पाळण्यावरून चालून जात.

म्हणून यंदा त्यांनी रांगोळीचा डबा उचलला आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या शिरीषाखाली बस्तान मांडलं. तिसऱ्याच दिवशी गोपद्मं काढताना डोक्यावर टपकन उंबर पडलं. शिरीषाला उंबर? त्यांनी वर पाहिलं. बाकदार चोचीचा मोठा राखाडी पक्षी खोडाच्या फटीत काहीतरी भरवत होता, आणि फटीतून दुसरी चोच ते घेत होती.

"आई, हा धनेश!" सून श्रद्धा दुर्बीण लावून म्हणाली. आठवडाभर कॉम्प्युटर आणि रविवारी पक्षी, असा तिचा क्रम होता. "मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते. अंडी, पिल्लं, सगळं आतच. दोन महिने हाच फीड करणार. हा आला नाही, तर फिनिश! आणि अशा ढोलीची झाडं सिटीत उरलीयत कुठे?"

"म्हणजे बाळंतिणीची खोलीच की गं," वेणूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचा जप बिघडला. बोटं मण्यांवर, डोळे ढोलीवर.

त्याच आठवड्यात सोसायटीचे सचिव रावसाहेब झाडं तोडणाऱ्या मच्छिंद्रला घेऊन आले. चार वर्षांत आवारातल्या स्कूटर जाऊन अकरा मोटारी आल्या होत्या आणि शिरीषाच्या जागेत आणखी तीन मावणार होत्या. रावसाहेबांची स्वतःची नवी कोरी गाडी मात्र छपराखालच्या पहिल्या जागेत, खोळ घालून उभी असे.

"अहो, परवानगी तर फांद्या छाटायची आहे ना?" वेणूबाईंनी हळूच विचारलं.

"खोड म्हणजे जमिनीतून आलेली फांदीच," रावसाहेब म्हणाले. "चढ रे."

मच्छिंद्र लोणी काळभोरचा. त्याने खाली पाहिलं आणि दोर खांद्यावरून उतरवला. "साहेब, हे देवीचं हाय. मी न्हाई पाय द्यायचो."

"रांगोळी आहे ती! पुसून टाक."

"तुमी पुसा की."

रावसाहेबांनी पाय उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत ठेवला. "किती दिवस चालणार हे, वेणूबाई?"

"चैत्रांगण ना? अक्षय्य तृतीयेपर्यंत."

वेणूबाईंनी मनोमन सासूबाईंना नमस्कार केला. पण जाताना मच्छिंद्र बुंध्याशी नारळ ठेवून गेला, आणि घोटाळा तिथे झाला.

दुसऱ्या दिवशी तिथे दोन नारळ होते. तिसऱ्या दिवशी उदबत्तीचा पुडा. बी विंगमधल्या दीपमालाबाईंनी खोडाला हळदीकुंकू लावलं आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला नोकरीचं पत्र आलं. मग काय! घंटा आली, पत्र्याचं छप्पर आलं, आणि गर्दी आहे म्हटल्यावर रावसाहेबही आले. हातात माईक.

"रोज सातला आरती," त्यांनी जाहीर केलं. "बुंध्याभोवती संगमरवरी चौथरा. तोडण्याचा विषय संपला."

"अहो, पण इतका गोंगाट..."

"तुम्हीच तर सुरू केलंत!"

धनेश मात्र समोरच्या टाकीवर चोचीत उंबर धरून बसे आणि तसाच उडून जाई. आधी दिवसातून वीसदा यायचा, मग पाचदा, मग दोनदा. वेणूबाईंना घास उतरेना. पोथी वाचताना त्याच ओवीवर त्या तीनदा आल्या. चौथ्या दिवशी तो एकदाही आला नाही.

त्या संध्याकाळी आरतीसाठी माईक खरखरला आणि वेणूबाई पुढे झाल्या. जन्मात चारचौघांत बोलल्या नव्हत्या. "वर बाळंतीण आहे हो," त्या म्हणाल्या. "त्या ढोलीत. पक्षीण आहे. दार लिंपून बसलीय आणि तिच्या माणसाला आपण येऊ देत नाही. सकाळपासून उपाशी आहे ती."

सगळ्या बायकांनी वर पाहिलं. फटीतून चोचीचं टोक आलं आणि आत गेलं.

"अगं बाई! आणि धूर कुणी केलाय इथे?" दीपमालाबाई कडाडल्या. पुडा त्यांनीच आणला होता. "रावसाहेब, बाळंतिणीच्या दारात माईक लावता? घरी असंच केलंत का?"

पाच मिनिटांत उदबत्त्या विझल्या, घंटेला फडकं बांधलं गेलं, पत्रा उतरला. रात्रीत फाटकावर रावसाहेबांच्या अक्षरात पाटी लागली: 'आत बाळंतीण आहे. हॉर्न वाजवू नये. वाजवल्यास बाळंतविडा करून आणावा. – सचिव.'

दुसऱ्या दिवशी पहाटे आवार चिडीचूप होतं. वेणूबाई चैत्रांगण काढायला बसल्या. धनेश टाकीवर आला आणि तिथेच बसला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. श्रद्धा दुर्बीण घेऊन दबकत आली.

"आता कुणाला भितोय गं हा?" वेणूबाईंनी रडवेल्या होऊन विचारलं.

श्रद्धा घुटमळली. "आई... तो तुमच्याकडेच बघतोय."

वेणूबाईंच्या चिमटीतली रांगोळी तशीच राहिली. पाळणा अर्धा झाला होता, कासव व्हायचं होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या उठल्या. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचेपर्यंत मागे पंखांचा आवाज आला.

"सासूबाई, आज खाडा झाला," तसबिरीपुढे हात जोडून त्या म्हणाल्या. "पण माझ्या वेळी तुम्ही बारा दिवस भटजींनासुद्धा खोलीत येऊ दिलं नव्हतं."

संध्याकाळी दारात रावसाहेब उभे. गॅलरीतून त्यांनी सगळं पाहिलं असावं. "उद्यापासून माझ्या गाडीची जागा घ्या. फरशी चांगली आहे. पाय कुणाचा पडणार नाही, हा माझा शब्द. आभार मानू नका, मला सवय नाही."

वेणूबाईंना झोप लागली नाही. साडेपाचला त्या गॅलरीत आल्या. खाली रावसाहेब बनियन-पायजम्यात, अनवाणी उभे होते. त्यांनी खोळ काढून नीट घडी केली. दार उघडून एक हात स्टिअरिंगवर ठेवला, खांदा चौकटीला लावला आणि इंजिन सुरू न करता, शिरीषाकडे बघत बघत, नवी कोरी गाडी ढकलत ते फाटकाकडे निघाले.