तिघांची माया

गाडी दुकानाच्या दारातून बाहेर निघत नव्हती. त्याहून मास्तरीणबाईंना राग आला तो याचा, की ही बातमी सुनेने गाडी अडकल्या अडकल्या आपल्या आईला फोनवरून पोचवली.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. मोटारीच्या मागे जोडून न्यायची, आत गादी घालून झोपायची, अशी चाकांवरची खोली. कपडे शिवायच्या दुकानात मशिनं भिंतीला सरकवून मास्तरीणबाई, त्यांचे मास्तर आणि मुलगा तीन आठवडे तिच्यामागे लागले होते. लाकूड नाही की पत्रा नाही. शीतगृहाच्या भिंतीत भरतात तो निळा कडक फोम घ्यायचा, त्याचे तक्ते कापून एकमेकांना चिकटवायचे आणि वरून पांढऱ्या गोंदात भिजवलेला कॅनव्हास ताणून बसवायचा. वाळला की टिचकी मारावी तर ढोलासारखा वाजे. घरची मोटार म्हातारी, जड काही ओढायला लावलं की धापा टाकायची. फोमची खोली मात्र दोघांनी उचलावी इतकी हलकी.

हा सगळा खटाटोप विहीणबाईंमुळे. दरवर्षी दोन्ही घरं मिळून आठवडाभर तळ्याकाठी मुक्कामाला जात. विहीणबाईंची विकतची मोठी गाडी, आत पलंग, पडदे, चहाची शेगडी. मास्तरीणबाईंचा तंबू. गेल्या साली तंबूत पाणी शिरलं तेव्हा विहीणबाई खिडकीतून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे या ना झोपायला. दारातलं पायपुसणं उचललं की एक माणूस आरामात मावतं."

मास्तरीणबाई ओल्या सतरंजीवर बसून राहिल्या, पण गेल्या नाहीत. यंदा आपल्या छपराखाली झोपेन, नाहीतर तळ्याचं तोंड पाहणार नाही, असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं. निघायचं उद्या दुपारी. आणि आज गाडी दारात अडलेली.

"दार केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

"चार फूट दोन इंच," मुलगा म्हणाला. "तीनदा मोजलंय मी."

"आणि ही?"

मुलाने टेप लावली, डोळे बारीक केले, पुन्हा लावली. "साडेचार."

"चार फुटांची ठरली होती ना रे?"

"चारचीच. कागदावर फक्त दोन्ही बाजूंना इंच इंच माया सोडली. तूच सांगत आलीस, माया सोडल्याशिवाय कात्री लावायची नाही."

शिवणीत दाबायला कापडाची कड जास्तीची ठेवतात, ती माया. मास्तरीणबाई शाळेत चौथीपर्यंतच गेल्या, पण गावभरच्या छात्या-कमरा त्यांना तोंडपाठ. मुलाचा कागद वाचून मास्तरांना मापं त्यांनीच सांगितली होती. सांगताना प्रत्येक मापात दोन्हीकडे इंच इंच मिळवला होता, कारण ज्याने जन्मात कात्री धरली नाही त्याला मायेचं काय कळणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. हे आता बोलायचं कसं? त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एकाएकी सुईत दोरा ओवायला बसले होते.

"अहो, तुम्ही?"

"मी काय? माया सोडूनच कापतो. चाळीस वर्षं कापतोय. तू माप सांगतेस ते कोरडं, बिनमायेचं सांगतेस."

"मी यंदा ओलं सांगितलं होतं."

"मग तसं बोलायचं."

आता फोमला शिवण नसते. कडेला कड टेकवून चिकटवायचा. त्यामुळे कुणाचीच माया कुठे दबली गेली नाही. तिघांची मिळून सहा इंच जशीच्या तशी बाहेर उभी राहिली.

"या घरात एवढी माया आहे," सून म्हणाली, "हे मला लग्नानंतर आजच कळलं."

"आडवी पाडून काढू," मुलगा म्हणाला.

"उंचीलाही सोडलीय," मास्तर सुईतूनच म्हणाले.

मास्तरीणबाईंनी पदर खोचला. गळ्यातली टेप काढली, खडू घेतला आणि स्टुलावर चढल्या. "झंपर सैल झालं म्हणून कुणी टाकून देतं का? आत घेतो आपण. हिलाही आत घेऊ. मधून उभी कापायची, सहा इंच काढायचे, दोन्ही भाग जवळ आणून चिकटवायचे. छप्पर, तळ, पुढचं, मागचं, सगळं एका रेघेत." त्यांनी छपराच्या बरोब्बर मध्यावर पुढून मागे खडूची रेघ ओढली. "घ्या पावाची सुरी. सहा इंच."

एवढ्यात फोन वाजला. विहीणबाई.

"अडकली म्हणे गाडी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका हो. मी पायपुसण्याखालची जागा झाडून ठेवलीय."

"अडकली कुठे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "निघालीसुद्धा. रंगाचा शेवटचा हात देतोय." मग रंग कुठला, पडदे कसले, उशांना झालर किती, हे त्या पाऊण तास सांगत बसल्या. यातलं काहीच अजून झालं नव्हतं, पण सांगता सांगता त्यांना सगळं दिसायला लागलं आणि ऊर भरून आला.

फोन ठेवून आत येतात तो गाडीच्या दोन फाका झालेल्या आणि मास्तर विजयी चेहऱ्याने घाम पुसतायत. जमिनीवर फोमच्या पट्टीचे तुकडे.

मास्तरीणबाईंनी एका तुकड्याला टेप लावली. रुंदी भरली फूटभर. "हे किती?"

"सहा इंच. म्हणजे या बाजूला सहा, त्या बाजूला सहा. घडीपासून."

"कसली घडी?"

मास्तरांनी छपराकडे बोट केलं आणि ते बोट हवेतच राहिलं. सारा जन्म कापड दुहेरी घालून कापलेलं. मधली रेघ म्हणजे घडी, घडीपासून माप घ्यायचं, उलगडलं की आपोआप दुप्पट. हात सवयीने चालला होता. मुलाने दुसऱ्या बाजूने तेवढंच कापून वडिलांचं मन राखलं होतं.

"फोमला घडी असते?" मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या हळू बोलल्या की घरात सगळे घाबरत.

"सहा इंच परत लावू," मुलगा म्हणाला. पण पट्टी ओढून काढताना तिचे सात तुकडे झाले होते, आणि इतके सांधे उद्यापर्यंत वाळणार नव्हते. तेव्हा आहेत त्या दोन फाका जोडल्या. सांध्यावर ओल्या कॅनव्हासची पट्टी चढवली. सुनेने इस्त्री तापवून ती पट्टी अशी झरझर वाळवली, की मास्तरीणबाईंनी पहिल्यांदा तिला "हात चांगलाय तुझा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा रंग दिला. गाडी दारातून निघाली ती दोन्हीकडे चार चार बोटं जागा ठेवून. बाहेर चाकांच्या सांगाड्यावर बसवली, पट्टे आवळले. समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला. मोटारीला चढावर एकदाही धाप लागली नाही. मास्तरीणबाई वाटभर मान वळवून मागे बघत होत्या आणि दर वळणावर म्हणत होत्या, "आली बघा, आली. आपल्यामागूनच येतेय."

"जाईल कुठे? बांधलीय," मास्तर म्हणाले.

तळ्याकाठी विहीणबाईंनी गाडीला एक चक्कर मारली. टिचकी मारली, दार उघडलं, आत डोकावल्या. "सुरेख आहे हो. पण दोघांची गादी कशी मावेल?"

"दोघांची आहेच कुठे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकट्यापुरती आहे. हल्ली एकट्यापुरतीच करतात."

"मग मास्तर?"

"तुम्ही जागा झाडून ठेवलीय ना?"

मास्तर उशी घेऊन निमूटपणे पलीकडे गेले.

सकाळी उजाडता उजाडता दारावर टकटक झाली. बाहेर विहीणबाई, केस विस्कटलेले, काखेत उशी. "तुमचे मास्तर आणि आमचे हे," त्या म्हणाल्या, "घोरताना एकाने थांबायचं, दुसऱ्याने उचलायचं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जरा सरकता का?"

साडेतीन फुटांत सरकायला जागा असती तर ना. पण जागा नाही म्हणावं तर पायपुसण्याएवढीही नाही का, हे ऐकावं लागायचं. मास्तरीणबाई भिंतीला चिकटल्या, विहीणबाई कुशीवर शिरल्या. दोघी अंगाने भरलेल्या. एकीला कूस बदलायची तर दुसरीला सांगून.

"वळू का?"

"वळा."

अशा वळत वळत दोघी उन्हं वर येईपर्यंत गाढ झोपल्या.

उठल्यावर विहीणबाई कितीतरी वेळ पिवळ्या छपराकडे बघत पडून राहिल्या. "काय शांत आहे हो इथे," त्या म्हणाल्या. "मलाही एक करून द्या. पण अशीच हवी. एकटीपुरती. यांना कळायच्या आत."

मास्तरीणबाईंनी उशाची टेप ओढली. "उंची सांगा."

"पाच फूट एक. आणि रुंदी?"

"ती नका सांगू," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सकाळपासून कळतेय मला."